मानेमागे फक्त '४ एम' दिसतंय, विकणाऱ्या आजी म्हणतात केस्टनर. ही जर्मन बाहुली नक्की कुणाची?

हळदुली

नमस्कार मंडळी. इथे नाणी, पेनं, घड्याळं जमवणारे बरेच आहेत, बाहुल्यांवर कुणी काही लिहिलेलं सापडलं नाही, तरी विचारून बघते. आम्ही तीन वर्षं झाली एर्फुर्टला राहतोय, म्हणजे जर्मनीतलं थुरिंगिया, आणि इथे आल्यावर कळलं की जुन्या बिस्क बाहुल्यांचं, म्हणजे बिनचकाकीच्या चिनीमातीचा चेहरा असलेल्या बाहुल्यांचं, माहेर म्हणजे हाच सगळा भाग. वाल्टर्सहाउझेन, ओरड्रुफ, झोनेबेर्ग, जिथे बघाल तिथे कुणीतरी एके काळी बाहुल्या करत होतं. मग काय, फ्लोमार्क्टला म्हणजे जुन्या बाजाराला जाते, नुसती बघून येते, पण गेल्या रविवारी बघून परत येणं काही जमलं नाही.

एका आजींकडे होती, खोक्यात, जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली. म्हणाल्या माझ्या ओमाची म्हणजे आजीची, केस्टनरची आहे (केस्टनर म्हणजे इथला जुना बाहुल्यांचा कारखाना), १८८०ची. १५० युरो सांगितले, मी घासाघीस करून १२०ला घेतली आणि नवऱ्याला ८० सांगितलेत, तो हे वाचत नाही.

आता वर्णन. फोटो इथे चढतच नाहीये, त्यामुळे शब्दांवर भागवा. उंची ५८ सेंमी. चेहरा चिनीमातीचा पण चकाकी अजिबात नाही, गालावर बोट फिरवलं की अंड्याच्या टरफलासारखं लागतं. तोंड किंचित उघडं आणि वरचे चार दात दिसतात, त्यातला एक टवका उडालेला. डोळे निळ्या काचेचे, आडवी केली की मिटतात, पण डावा अर्ध्यावर अडकतो त्यामुळे ती सारखी डोळा मारतेय असं वाटतं. भुवया मात्र काय काढल्यात, एकेक केस वेगळा दिसतो. अंग चिनीमातीचं नाही, काहीतरी लगद्याचं आणि लाकडाचं, कोपर-गुडघ्याला गोळे आहेत, हातपाय सगळीकडून वळतात, आतलं इलॅस्टिक सैल झाल्यामुळे डोकं गौरीच्या मुखवट्यासारखं वेगळंच डुलतंय.

विग खऱ्या केसांचा वाटतो, दोन वेण्या, आणि तो डोक्याला असा घट्ट चिकटवलाय की हात लावायची भीती वाटते. मानेमागे विगच्या खाली एक ४ आणि त्यानंतर एम एवढंच दिसतं. ४च्या आधी काहीतरी आहे पण ते सरसाच्या पिवळ्या डागाखाली गेलंय.

मी फसले का? आणि केस्टनर नसेल तर कोण?

जुनापुराणा

हळदुलीताई, घाबरू नका पण १८८० विसरा.

मी वीस वर्षं इंग्लंडमध्ये आहे आणि तेव्हापासून हा नाद आहे, सुरुवातीला मीही असाच दोनदा आपटलोय. विकणाऱ्याची गोष्ट ऐकायची, मान डोलवायची, आणि मग बाहुली उलटी करायची. बाहुलीची कुंडली तिच्या मानेमागे असते, चेहऱ्यावर नाही.

'४ एम' म्हणजे माझ्या मते जवळजवळ कबुलीजबाबच आहे. ४च्या आधी डागाखाली ए असणार. ए आणि एमच्या मध्ये आकाराचा नंबर अशी लिहायची पद्धत आर्मांड मार्सेय या दुसऱ्या जर्मन कारखानदाराची. केस्टनरची तऱ्हा वेगळी, तिथे आकारासाठी अक्षर आणि आकडा अशी जोडी असते, म्हणजे एफ आणि १०, आणि मध्ये 'मेड इन जर्मनी'. त्या जोड्या इतक्या ठरलेल्या आहेत की बाकी काही नसलं तरी नुसत्या जोडीवरून लोक केस्टनर ओळखतात.

दुसरं, उघडं तोंड आणि दात. दातवाल्या बाहुल्यांची लाट १८९०च्या दशकातली आणि पुढची. आधीच्यांची तोंडं बहुतेक मिटलेली, आणि म्हणूनच आज मिटल्या तोंडाच्या महाग. गंमत अशी की त्या काळी उघडं तोंड म्हणजे नवी सुधारणा होती, दात बसवायला जास्त काम, आणि आता शंभर वर्षांनी सगळं उलटं झालंय.

विग काढावाच लागेल. ओढू नका!! कोमट पाण्यात कापूस बुडवून घट्ट पिळायचा आणि विगच्या कडेला मागच्या बाजूने लावून ठेवायचा, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा. जुना सरस पाण्याने सुटतो. पाणी डोक्याच्या आत जाऊ द्यायचं नाही, डोळे प्लास्टरने बसवलेले असतात. विग निघाला की डोक्याला वर मोठं भोक दिसेल, त्यावर झाकण असतं. ते झाकण पुठ्ठ्याचं आहे की प्लास्टरचं ते सांगा. केस्टनरवाले प्लास्टरचं लावत.

आणि काम होईपर्यंत तिला मऊ टॉवेलवर पालथी ठेवा, डोकं धरून उचलू नका, इलॅस्टिक त्याच दिवशी तुटतं ज्या दिवशी तुम्ही 'काही नाही होत' म्हणता.

तिरकस

डोळा मारणारी, दात दाखवणारी, डोकं डुलवणारी शंभर वर्षांची बाहुली आणि ती तुम्ही १२० युरो देऊन *घरात* आणली. वहिनी, आमच्याकडे असल्या गोष्टी लोक पैसे देऊन घराबाहेर काढतात.

हळदुली

@तिरकस, ती सध्या पाहुण्यांच्या खोलीत आहे, तुम्ही आलात की तिथेच सोय करते.

@जुनापुराणा, धन्यवाद, शनिवारी करते, आज धीर होत नाही.

मृण्मयी_के

मी बाहुल्या जमवत नाही पण मातीकाम करते, पुण्यात छोटा स्टुडिओ आहे, म्हणून मातीच्या बाजूने बोलते.

पहिली गोष्ट 'बिस्क' या शब्दाची. आमच्याकडे बिस्क म्हणजे पहिली कच्ची भाजणी, तो तुकडा पाणी पितो, जीभ लावली तर चिकटते. बाहुलीची बिस्क ती नाही. ही पोर्सेलीन आहे, केओलिन, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झची, १२०० अंशांच्या वर भाजून पूर्ण घट्ट झालेली, फक्त वर काच चढवलेली नाही म्हणून त्वचेसारखी दिसते. मग गालाची लाली, ओठ, भुवया रंगवायच्या आणि कमी तापमानाला पुन्हा भट्टीत घालायचं, कधी कधी एकाहून जास्त वेळा. भुवयांचा एकेक केस तुम्हाला दिसतोय ना, तो बारीक ब्रशचा एकेक फटका आहे आणि रंगवणारीने दिवसभर तेच केलेलं असणार. हात बसल्याशिवाय अशी रेघ येत नाही हो, मी प्रयत्न केलाय, माझ्या भुवया सुरवंटासारख्या येतात.

आता विग काढलात की हे करा. खोलीत अंधार, फोनचा टॉर्च डोक्याच्या भोकातून आत, आणि बाहेरून बघायचं. चांगली बिस्क उजेडात शहाळ्याच्या मलईसारखी दिसते, आणि चीर असेल तर काळी रेघ उठून दिसते, दिवसा जी सात जन्मात दिसली नसती. कपाळ, कानामागे आणि मानेचा काठ नीट बघा. डागडुजी करून वर रंग मारला असेल तर तो भाग उजेड अडवतो, ढगासारखा गडद दिसतो. माठ घेताना आपण टिचकी मारून ऐकतो ना तसं ऐकायचा मोह होईल, पण ते डोकं मोकळं असेल तरच आणि तेही नखाने हलकेच, बद्द आवाज आला तर समजायचं कुठेतरी गेलंय.

नकलीबद्दलही बघून घ्या. जुन्या साच्यांच्या प्रती काढून हौशी लोकांनी घरच्या भट्टीत प्रचंड बाहुल्या केल्यात, अमेरिकेत आणि युरोपात तर १९७०-८०च्या सुमाराला क्लासेस निघाले होते. बरेच जण मानेमागे स्वतःचं नाव आणि साल कोरतात, ते प्रामाणिक. काही नाही कोरत. जुन्या बिस्कवर भट्टीतल्या धुळीचे काळे ठिपके असतात, बारीक मिरपूड सांडल्यासारखे, कुठेतरी साच्याच्या जोडाची रेघ राहिलेली असते. नवी मात्र साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. ठिपके दिसले तर रडू नका, खूश व्हा.

सुमाताई_सातारा

मी या विषयातली नाही पण वाचता वाचता आमच्या घरची बाहुली आठवली. माझ्या सासूबाईंच्या आईकडची, जेमतेम बोटाएवढी, सगळीच चिनीमातीची, हात तेवढे तारेने अडकवलेले, पाय एकसंध, पायात रंगवलेले बूट. चैत्रगौरीच्या आराशीत ती दरवर्षी झोपाळ्याच्या पायथ्याशी बसायची, कैरीच्या डाळीच्या वाटीशेजारी, आणि आम्ही तिला मडमीण म्हणायचो. अजून आहे, हळदकुंकवाने आणि वर्षांच्या धुळीने काळवंडलीय. भांड्याच्या साबणाने धुतली तर चालेल का? चिनीमातीच आहे म्हणजे काही होऊ नये असं वाटतं.

मृण्मयी_के

ताई थांबा!!! आधी साबण खाली ठेवा.

माझीच फजिती सांगते. एका मैत्रिणीच्या आईची जुनी बाहुली मी 'मातीचं मला कळतं' या तोऱ्यात ओल्या स्पंजने पुसायला घेतली आणि एका फटक्यात उजवा गाल स्पंजवर आला. खाली पांढरीफटक बिस्क. नंतर कळलं की १९२०-३०च्या दशकात स्वस्तातल्या बाहुल्यांना नुसता वरून रंग मारत, तो भट्टीत भाजलेलाच नसे, त्यामुळे पाण्याने, घासण्याने निघतो. त्या काकूंनी 'असू दे गं' म्हटलं पण मला अजून ते आठवलं की पोटात गोळा येतो.

तर आधी पाठीवर, दिसणार नाही अशा जागी, ओल्या कापसाच्या काडीने एक ठिपका पुसून बघा. कापूस फक्त मळकट झाला तर ठीक, गुलाबी झाला तर तिथेच थांबा आणि कोरड्या मऊ ब्रशवर समाधान माना. तारेच्या सांध्याजवळ पाणी नकोच, तार गंजते आणि गंजाचा डाग बिस्कवर बसला की जात नाही. आणि पाठीवर काही अक्षरं आहेत का बघा ना.

हळदुली

झालं. विग निघाला. सगळं सांगते, लांब आहे.

शनिवारी दुपारी नवरा झोपल्यावर बसले. तिला टॉवेलवर पालथी घातली, कोमट पाणी, कापूस, आणि जुनापुराणा यांनी सांगितलं तसं मागून सुरुवात केली. पहिली वीस मिनिटं काहीच नाही. मग एकदम एका कोपऱ्यातून सरसाचा वास आला, जुन्या पुस्तकाच्या बांधणीसारखा, आणि विगची कड पापडासारखी सुटली. मी तो डाग कापसाच्या काडीने पुसत गेले आणि ४च्या आधी खरंच ए निघाला. मग त्याच्या वर ३९०. त्याच्या वर जर्मनी. आणि सगळ्यात वर, कमानीत नाही, सरळ ओळीत, आर्मांड मार्सेय. अख्खं नाव. इतका वेळ नावावर विग चिकटवून बसली होती बया.

झाकण पुठ्ठ्याचं. म्हणजे केस्टनर नाही, कळलं, थोडी रडले. टॉर्च लावला, चेहरा सुंदर उजळला, कुठेही रेघ नाही, फक्त मानेच्या काठाला तांदळाच्या दाण्याएवढा टवका आहे आणि हनुवटीखाली तीन काळे ठिपके, ते बघून मृण्मयी म्हणतात तशी खूश झाले.

पण पुढचं ऐका. कपडे काढले कारण आता सगळंच बघून घेऊ म्हटलं, तर अंगावर मागे, कमरेच्या खाली, लाल शिक्का आहे. पुसट आहे पण वाचता येतो. एक्सेलसियर, आणि खाली जर्मनी. हे आर्मांड मार्सेयचंच का?

जुनापुराणा

अहो हळदुलीताई!! नाही. एक्सेलसियर केस्टनरचं.

म्हणजे तुमच्या आजी निम्म्या खऱ्या निघाल्या. अंग केस्टनरचं, डोकं मार्सेयचं. लग्न लावलेली बाहुली म्हणतात आमच्यात.

जरा सविस्तर लिहितो कारण नवीन लोक इथेच फसतात. मानेमागचा शिक्का फक्त *डोक्याबद्दल* बोलतो. डोकं करणारा कारखाना वेगळा आणि बाहुली विकणारी कंपनी वेगळी, हीच तिकडची रीत होती. हाइनरिश हान्डवेर्कच्या बाहुल्या बघा, डोकी सिमोन अँड हाल्बिगची. केमर अँड राइनहार्ट, ज्यांनी १९०९मध्ये खऱ्या मुलांसारख्या चेहऱ्यांच्या 'कॅरेक्टर' बाहुल्या आणल्या आणि सगळा बाजार हलवला, त्यांच्याकडे स्वतःची भट्टीच नव्हती, डोकी पुन्हा सिमोन अँड हाल्बिगचीच, पुढे १९२०मध्ये त्यांनी तो कारखानाच घेऊन टाकला. म्हणून एकाच मानेवर चांदणीसकट के आणि आर, आणि शेजारी सिमोन हाल्बिग अशी दोन नावं दिसतात, आणि नवखा माणूस विचारतो की यातलं खरं कुठलं. दोन्ही खरी. तुम्ही गौरीचं म्हणालात ते अगदी चपखल आहे, मुखवटा एकीकडचा, कोठी दुसरीकडची, साडी तिसरीकडची, आणि उभी राहिली की ती *आपली* गौर. फरक एवढाच की केस्टनर डोकं आणि अंग दोन्ही स्वतः करत, त्यामुळे केस्टनरच्या अंगावर मार्सेयचं डोकं कारखान्यातून निघालेलं असणं कठीण. हे नंतर झालंय.

मार्सेयबद्दल थोडं. नाव फ्रेंच वाटतं म्हणून कित्येक जण फ्रेंच बाहुली म्हणून विकतात, आणि आर्मांड हे बाईचं नाव समजणारेही भेटलेत मला. बाप्या होता, जन्म १८५६, तोही रशियात, सेंट पीटर्सबर्गला, आणि कारखाना झोनेबेर्गजवळ क्योपेल्सडॉर्फला. १८९०च्या आसपासपासून डोकी काढायला लागला आणि मग थांबलाच नाही. ३९० हा त्याचा सगळ्यात जास्त खपलेला साचा असावा, जुन्या बाजारात दहा जर्मन बाहुल्या दिसल्या तर त्यात एखादी तरी ही असतेच. ३७० म्हणजे तीच साधारण पण खांद्यासकट, चामड्याच्या अंगासाठी. ३४१ आणि ३५१ ही १९२४ची ड्रीम बेबी, टकली बाळं, ३४१चं तोंड मिटलेलं आणि ३५१चं उघडं. हीच बाळं त्याने सावळ्या रंगातही काढली, माझ्याकडे एक आहे, आई तिला बघून म्हणाली ही आपल्याकडची दिसते.

आणि 'जर्मनी' या शब्दाबद्दल. अमेरिकेने १८९०मध्ये जकातीचा कायदा केला, १८९१पासून आयात मालावर देशाचं नाव इंग्रजीत हवं, म्हणून मानेमागे जर्मनी यायला लागलं. त्यामुळे जर्मनी लिहिलेलं डोकं १८८०चं म्हणून कुणी देत असेल तर नमस्कार करून पुढे जा. उलट मात्र खरं नाही, जर्मनी *नाही* म्हणून जुनी असं होत नाही, देशातच विकायच्या बाहुलीवर लिहायची गरज नव्हती. आणि डी.आर.जी.एम. दिसलं तर ते कंपनीचं नाव समजू नका, ते डिझाइन नोंदवल्याचं अक्षर आहे, तेही १८९१नंतरचं. एकदा एका दुकानदाराने मला 'डीआरजीएम ही फार दुर्मिळ कंपनी' म्हणून ऐकवलं होतं, मी त्याच्याकडे चहा पिऊन आलो फक्त.

आता तुमचं काम. डोकं अंगाच्या खोबणीत कसं बसतं ते बघा. हनुवटी वर उचललेली, किंवा मानेभोवती फट, किंवा डोकं वाटीत चेंडूसारखं खोल गेलंय?

हळदुली

खोल नाही, उलट जरा *वर* राहतंय. मानेभोवती कागद गुंडाळल्यासारखं काहीतरी होतं, मी आधी ते मळ समजले. पातळ चामड्याची पट्टी आहे, कुणीतरी बसवलेली. त्यामुळे तो टवका झाकला जात होता.

जुनापुराणा

मग झालं. ती पट्टी पुपेनडॉक्टरची, बाहुल्यांच्या डॉक्टरची. जर्मनीत गावोगाव असायचे, डोकं फुटलं की दुसरं आणून बसवायचे, आकार थोडा मागेपुढे झाला तर चामडं लावून भागवायचे. ती पट्टी फेकू नका. तिच्यामुळे मान घासत नाही, आणि या बाहुलीच्या गोष्टीचा तोच एक पुरावा आहे.

किमतीचं म्हणाल तर केस्टनर म्हणून विकू नका म्हणजे झालं. ३९० म्हणून १२० थोडे जास्त गेले, पण अंग चांगलं आहे आणि चेहऱ्याला चीर नाही, मी असतो तर रात्री झोपलो असतो.

काही लोक सल्ला देतील की केस्टनरचं सुटं डोकं शोधा आणि 'मूळ' जोडी करा. मला ते पटत नाही. शंभर वर्षांपूर्वी कुणाच्या तरी हातून डोकं फुटलं, आईने की आजीने खिशाला परवडेल असं दुसरं बसवून घेतलं, त्यात खोटं काय आहे? खोटं तेव्हा होतं जेव्हा आज आपण बदलतो आणि सांगत नाही.

कोबुर्गकर

उशिरा आलो. मी कोबुर्गला असतो, झोनेबेर्गपासून वीसेक किलोमीटर, जर्मनीच्या फाळणीच्या काळात मध्ये सीमा होती, कोबुर्ग पश्चिमेत आणि झोनेबेर्ग पूर्वेत. हळदुली, तुम्ही एर्फुर्टला आहात म्हणजे झोनेबेर्गचं खेळण्यांचं म्युझियम बघायलाच हवं, १९०१पासूनचं आहे. तिथे थुरिंगियातल्या जत्रेचा एक भलामोठा देखावा आहे, माणसाच्या उंचीच्या बाहुल्यांचा, १९१०च्या ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात पाठवलेला. मी पोराला घेऊन गेलो होतो, तो तिथून हलेना.

पण मला जास्त लक्षात राहिलं ते दुसरंच. जुनापुराणा म्हणतात तसं डोकी कारखान्यात होत असतील, बाकीचं बरंच काम घरोघरी चालायचं. एका घरी नुसते हात, दुसऱ्या घरी नुसते पाय ओतायचे, तिसरीकडे रंगवायचे, विग, कपडे, बूट, प्रत्येकाचं घर वेगळं. स्वयंपाकघरातल्या शेगडीवर लगद्याचे पाय वाळत घातलेले आणि त्याच टेबलावर पोरं शाळेतून आली की कामाला बसायची, नगावर पैसे. बायका पाठीवर मोठ्या टोपल्या घेऊन चालत झोनेबेर्गला माल पोचवायला यायच्या. तिथून व्यापारी बोटीने अमेरिकेला धाडायचे, वुलवर्थ या अमेरिकन दुकानवाल्यांचं तर झोनेबेर्गमध्ये स्वतःचं गोदाम होतं. आपल्याकडच्या विड्या वळण्याची आठवण झाली मला, तेच ते, अख्खं घर राबायचं आणि नाव शेटजीचं.

डोळ्यांसाठी लाउशाला जा, जवळच आहे. काच फुंकणाऱ्यांचं गाव, ख्रिसमसचे काचेचे गोळेही तिथलेच. लुडविग म्युलर-उरी नावाच्या कारागिराने १८३५मध्ये तिथे माणसांसाठी काचेचे डोळे करायला सुरुवात केली, त्याआधी तो बाहुल्यांचे करत होता. तुमच्या बाईचे निळे डोळे बहुधा तिथलेच.

तिरकस

हे मात्र आवडलं. बिडीचं.

हळदुली

@कोबुर्गकर, पुढच्या महिन्यात नक्की.

आज पुन्हा बाजार होता, त्या आजी भेटल्या. भांडायला नव्हते गेले, खरंच, नुसती पट्टी दाखवली आणि माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सगळं सांगितलं. आजी बराच वेळ पट्टीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या की त्यांच्याकडे डिसेंबर लागला की बाहुली घरातून गायब व्हायची, मुलांना सांगायचे ख्रिस्तबाळाने नेली, आणि ख्रिसमसच्या रात्री ती दुरुस्त होऊन, नवा फ्रॉक घालून झाडाखाली बसलेली असायची. त्यांची आई म्हणायची की एका वर्षी बाहुली परत आली तेव्हा तिचे डोळे निळे झाले होते. घरातल्या सगळ्यांनी तिला सांगितलं की डोळे पहिल्यापासून निळेच होते, तूच विसरलीस.

मला २० युरो परत देत होत्या, नाही घेतले. म्हणजे १० घेतले, तिच्या इलॅस्टिकसाठी.

जुनापुराणा

हे सगळं एका कागदावर लिहा, जर्मनमध्ये आणि मराठीत, तारीख घाला आणि इलॅस्टिक बदलताना अंगाच्या पोकळीत ठेवून द्या. पुढच्याला मानेमागे फक्त ३९० दिसणार आहे.

इलॅस्टिक गोल घ्या, ४ मिमी चालेल, फार ताणून ओढू नका, नाहीतर मानेच्या काठावर जोर येऊन तो टवका वाढेल. डोळा अडकतोय त्याला तेल अजिबात घालू नका. आत शिशाचं वजन आहे, बहुतेक जुनं प्लास्टर सुटून मध्ये आलं असेल, ब्रशने कण काढून बघा, नाही जमलं तर राहू दे, डोळा मारू दे.

सुमाताई_सातारा

मृण्मयी, पाठीवर ओली काडी फिरवली, कापूस काळा झाला, गुलाबी नाही. मग नातवाकडून भिंग घेऊन बघितलं. जर्मनी लिहिलंय. एवढंसं, मुंगीच्या पावलासारखं. साठ वर्षं मी तिला आराशीत बसवतेय, कधी उलटी करून बघितली नव्हती. आता तोंड पुसू का?

मृण्मयी_के

पुसा ताई, पण गालापासून सुरुवात करू नका. आधी बूट.